छोट्या घरात कपडे वाळवताना या चुका टाळा

पावसाळा तोंडावर आला की ओळखीतली नवी जोडपी मला एकच प्रश्न विचारतात: घडीचा स्टँड घ्यावा, छताला पुली लावावी, की सरळ ड्रायर आणावा? त्यांना हा प्रश्न खरेदीचा वाटतो आणि पहिली चूक तिथेच होते. कपडे कशावर वाळत घालायचे हे नंतर पाहावे. त्यांतले पाणी घराबाहेर कोणत्या वाटेने जाणार, हे आधी ठरवावे लागते. गोरेगावच्या वन रूम किचनमध्ये बावीस पावसाळे काढल्यावर मी हे ठामपणे सांगू शकते की मुंबईत कपडे जागेअभावी जितके ओले राहतात, त्याहून जास्त ते हवा न खेळल्यामुळे ओले राहतात.

बाहेरची दमट हवा आत नको म्हणून खिडक्या घट्ट लावायच्या, पंखा पूर्ण वेगाने सोडायचा आणि खोलीत धुणे वाळत घालायचे, ही मी सर्वांत जास्त घरांत पाहिलेली चूक आहे. पाच किलो कपडे मशीनमध्ये धुतले, तर चांगल्या स्पिननंतरही त्यांत अडीच ते तीन लिटर पाणी उरते. जुलैत तापमान 30 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असताना दहा बाय दहाच्या बंद खोलीतली हवा आणखी जेमतेम सव्वाशे ग्रॅम पाणी सामावू शकते, म्हणजे साधारण एक कपभर. त्यानंतर पंखा तीच ओली हवा गोल गोल फिरवत राहतो आणि उरलेले पाणी भिंती, गाद्या, लाकूड असे जे सापडेल त्यात मुरते.

लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात माझ्याही हातून हेच घडले. पावसाची झड आत येत होती म्हणून मी जवळजवळ महिनाभर खिडक्या लावूनच कपडे वाळवले आणि स्टँड लाकडी कपाटाला लागून उभा केला, कारण दुसरी जागा नव्हती. सासूबाईंनी दोनदा सांगितले, "अगं, घरात हवा खेळती नको का?" मी ऐकले नाही. गणपतीच्या आदल्या दिवशी नेसायला म्हणून पैठणी काढली, तर पदरावरच्या मोरांवर पिठाची चिमूट पसरावी तशी पांढरट बुरशी आली होती आणि घडीच्या रेषेवर जर काळवंडली होती. कपाट पुढे ओढले, तेव्हा त्याच्या पाठीवर आणि मागच्या भिंतीवर कमरेच्या उंचीपर्यंत काळे ठिपके दिसले. भिंत खरवडून पुन्हा रंगवता आली, पण पैठणीची ती जर पुन्हा उजळली नाही.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. ज्या बाजूने झड येत नाही तिकडची खिडकी वीतभर उघडी ठेवायची, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा चालू करायचा आणि टेबल फॅन कपड्यांवर समोरून न लावता दोन रांगांच्या मधून वारा जाईल असा आडवा ठेवायचा. मुसळधार पावसात बाहेरची हवाही ओलीच असते, त्यामुळे वाळायला वेळ लागतो. पण आत आलेली हवा बाहेर जात राहते आणि भिंती वाचतात. एसी ड्राय मोडवर चालवणार असाल किंवा डीह्युमिडिफायर असेल, तर मात्र खिडक्या लावून घ्याव्यात, कारण ही यंत्रे हवेतले पाणी वेगळे काढतात आणि उघड्या खिडकीतून ते पुन्हा आत येते. स्टँड आणि भिंत यांच्यामध्ये निदान हातभर अंतर हवेच.

दुसरी चूक घाईची आहे आणि नवीन संसार मांडलेल्यांमध्ये ती फार दिसते. आठवडाभराचे धुणे रविवारी एकदम काढायचे, एका दांडीवर दोन-दोन शर्ट चढवायचे आणि संध्याकाळी कपड्यांना कुबट वास आला की दोष साबणाला द्यायचा. तो वास कपडे फार वेळ ओले राहिल्याने त्यांत वाढणाऱ्या जिवाणूंमुळे येतो. वरून सुगंधी द्रव टाकल्याने तो थोडा वेळ झाकला जातो, एवढेच. पावसाळ्यात मी रोज सकाळी थोडेच धुते, स्पिन दोनदा लावते आणि प्रत्येक कपडा जोरात झटकून दोन कपड्यांत चार बोटे अंतर ठेवते. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर ओढून, कमरपट्टीला चिमटे लावून टांगावी म्हणजे पट्टी गोल उघडी राहते आणि आतून वारा जातो. हाताने धुतलेले नाजूक कपडे कोरड्या टॉवेलात गुंडाळून दाबले, तर न पिळताही बरेच पाणी निघते.

धुतलेले कपडे रात्रभर मशीनमध्ये ठेवू नयेत. गॅसच्या वर दोरी कधीही बांधू नये. वाळत घालायला लोखंडी तार वापरू नये: ती गंजून डाग पाडते आणि विजेच्या वायरीला कुठे टेकली तर जीव घेते. छताच्या पुलीसाठी स्लॅबमध्येच भोके पाडून घ्यावीत, कारण पीओपीच्या फॉल्स सीलिंगला ओल्या चादरींचे वजन पेलत नाही. खिडकीच्या ग्रिलबाहेर निथळते कपडे टाकल्यास ते पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत आलेल्या कपड्यांवर पडते, म्हणून आधी ते मोरीत निथळू द्यावेत.

ड्रायरला माझा विरोध नाही. तान्हे बाळ किंवा अंथरुणाला खिळलेले माणूस घरात असेल तर तो जरूर घ्यावा. फक्त प्रकार पाहून घ्यावा. पाइपवाल्या ड्रायरचा पाइप खिडकीबाहेर काढायला जागाच नसेल, तर सगळी वाफ खोलीतच येते आणि आपण पैसे मोजून पुन्हा बंद खोलीचीच चूक करतो. छोट्या घराला हीट पंपाचा ड्रायर बरा. तो महाग असतो, पण पाणी टाकीत साठवतो आणि वीज कमी खातो. धुणारे आणि वाळवणारे एकच यंत्र घेताना दोन्ही आकडे वाचावेत. धुण्याची क्षमता आठ किलो असली तरी वाळवण्याची अनेकदा पाचच असते, आणि धुतलेले सगळे एकदम वाळवायला गेल्यास कपडे दमटच बाहेर येतात.

दमट कपड्यावर इस्त्री फिरवून तो लगेच कपाटात ठेवणे ही शेवटची चूक. इस्त्रीच्या उबेने वरून तो कोरडा भासतो, पण शिवणींत ओल राहते आणि शेजारच्या घड्यांना लागते. मी घडी घालण्याआधी कमरपट्टी, कॉलर आणि काखेची शिवण गालाला लावून पाहते. किंचित जरी थंड लागली, तरी तो कपडा पुन्हा दांडीवर जातो, आणि इस्त्री केलेले कपडे पूर्ण निवल्याशिवाय मी कपाटाचे दार उघडत नाही.