आजार संपला, आता पुढे काय? परत जगण्यात मन कसं रमवायचं

शेवटची गोळी संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला फोनचा अलार्म वाजला. गोळीचाच अलार्म, इतके महिने रोज वाजत होता, बंद करायचा राहून गेलेला. मी सवयीने उठले, पाण्याचा ग्लास भरला, डबी उघडली तर रिकामी, आणि ग्लास हातात धरून तशीच उभी राहिले कारण मला खरंच कळेना की आता करायचं काय. लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, होता मला, केमोच्या ६ सायकल झाल्या, दर २१ दिवसांनी एक. डॉक्टर म्हणाले रिपोर्ट छान आहे, घरी सगळे खूश, आणि मी मात्र आतून इतकी कोरडी की कुणाला सांगायचीही लाज वाटावी. जीव वाचलाय आणि हिला म्हणे करमत नाही, असं लोक म्हणतील ना.

हे त्या उभ्या राहिलेल्या माणसासाठी लिहितेय. तुमचा आजार कॅन्सर असेल, हार्ट अटॅक असेल, स्ट्रोक असेल, नाहीतर तुम्ही बरेच दिवस आयसीयूत काढून आला असाल, हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. मला जे उपयोगी पडलं ते सांगते, आणि कशाने उलट त्रास झाला तेही.

हे रिकामपण येतं कुठून

उपचार चालू असताना दिवस कसा घालवायचा याचा विचारच करावा लागत नाही. तारखा ठरलेल्या, रक्ताच्या टेस्ट ठरलेल्या, सोबत कोण येणार ते ठरलेलं, आणि डोक्यात एकच गोष्ट, यातून बाहेर पडायचं. मग एके दिवशी ते सगळं थांबतं, फोन कमी होतात, लोक म्हणतात चला सुटलीस एकदाची, आणि शरीर मात्र अजून अर्ध्या वाटेवरच असतं. फिट्झह्यू मुलन नावाचे एक अमेरिकन डॉक्टर होते, त्यांना स्वतःलाच तरुणपणी कॅन्सर झाला होता, आणि १९८५ साली एका लेखात त्यांनी हे फार नेमकं मांडलं. बुडणाऱ्याला पाण्यातून ओढून काढायच्या भारी युक्त्या आपण शोधल्या, पण बाहेर काढलं की त्याला बंदराच्या धक्क्यावर खोकत, धापा टाकत सोडून देतो, अशा अर्थाचं ते लिहितात. उपचारानंतरचा काळ हा आजारपणाचाच एक वेगळा टप्पा आहे असं त्यांचं म्हणणं होतं. मी हे वाचलं तेव्हा रडले, कारण मी कृतघ्न नाहीये हे मला पहिल्यांदा कळलं. मी धक्क्यावर होते इतकंच.

त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे उद्देश वगैरे शोधायला जाऊच नका. धाप खाली बसू द्या आधी.

एक गोष्ट मात्र लगेच तपासून घ्या

मन लागत नाही आणि डिप्रेशन आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आतून त्या सारख्याच वाटतात ही खरी अडचण आहे. दिवसातला बराच वेळ, जवळजवळ रोज, दोन आठवडे मन उदास राहतंय किंवा कशातच रस वाटत नाहीये, झोप-भूक बिघडलीये, तर डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा, पुढच्या तपासणीपर्यंत थांबू नका. हार्ट अटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला मोठं डिप्रेशन येतं, म्हणजे हे काही जगावेगळं नाही. हिमोग्लोबिन कमी असेल, थायरॉइड बिघडलेलं असेल, स्टिरॉइड नुकतीच बंद झाली असतील तरी माणूस असाच सुन्न होतो, आणि त्यावर इलाज आहे. आयसीयूतून आलेल्यांना महिनोन्‌महिने विसरायला होणं, लक्ष न लागणं, वाईट स्वप्नं पडणं हेही होतं, डॉक्टरांकडे त्याला स्वतंत्र नाव आहे. आणि जगूच नये असं मनात येत असेल तर हा लेख बाजूला ठेवा, आत्ता जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगा.

काय गेलं ते लिहून काढा

हे मी टाळत होते. सगळे म्हणायचे पॉझिटिव्ह राहा, म्हणून गेलेल्या गोष्टींचं नावच घ्यायचं नाही असं मी ठरवून टाकलेलं. त्याने झालं काय, तर दुःख आतल्या आत कुजत राहिलं आणि मी घरच्यांवर चिडचिड करत राहिले. शेवटी एका वहीत लिहिलं. केस, पगारातली वाढ, एक मैत्रीण जी आजारपणात हळूच गायब झाली, न घाबरता झोपणं. आणि भरतकाम. मी वीस वर्षं भरतकाम करायचे आणि व्हिन्क्रिस्टीन नावाच्या औषधाने माझ्या बोटांची टोकं बधिर झाली, सुई हातात आहे की नाही हेच कळत नव्हतं. एकदा सुई बोटात गेली आणि कापडावर लाल ठिपका दिसला तेव्हा मला समजलं की टोचलंय. ते कापड अजून तसंच ठेवलंय मी.

तुम्हीही लिहा. अगदी क्षुल्लक वाटलं तरी लिहा, आणि त्याच्यापुढे लगेच "पण जीव तर वाचला" असं लिहू नका. ते खरं आहे, पण या पानावर ते नको.

ताकदीचा हिशोब

उद्देशाच्या गप्पा मारण्याआधी दिवसात ताकद किती आहे ते कळायला हवं, नाहीतर सगळे बेत तिथेच आपटतात. मोठ्या आजारानंतरचा थकवा झोपून जात नाही, काही जणांना तो महिनोन्‌महिने राहतो, त्यात आळस काही नाही. एक आठवडा फक्त नोंद ठेवा, किती वाजता काय केलं, नंतर कसं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी कसं वाटलं. हे शेवटचं विसरू नका. माझी नोंद बघितली तर सकाळी आठ ते दहा मी माणसात असायचे, दुपारी तीननंतर कामातून जायचे, आणि मी रोज सगळी अवघड कामं नेमकी चारला काढत होते!

सगळ्यात जास्त नडतो तो चांगला दिवस. बरं वाटतंय म्हणून माणूस साठलेलं सगळं उपसतो आणि पुढचे तीन दिवस आडवा. चांगल्या दिवशी मुद्दाम अर्ध्यावर थांबायचं, दमल्यावर नाही तर दमायच्या आधी बसायचं. पुढे हळूहळू वाढवत नेता येतं, हृदयरोग्यांसाठी आणि कॅन्सरनंतर डॉक्टर ठरवून व्यायामही देतात आणि त्याने फरक पडतो. पण थोड्याशा श्रमानंतर एकदोन दिवसांनी तब्येत एकदम ढासळत असेल, कोविडनंतर काही जणांना होतं तसं, तर रेटू नका, ते वेगळं प्रकरण आहे आणि रेटल्याने बिघडतं. तिथे डॉक्टरांशी बोलूनच.

जुन्या आवडीची साल काढा

आता मुख्य गोष्ट. पूर्वीचं जे काम किंवा छंद आता जमत नाही तो घ्या आणि स्वतःला विचारा की त्यात मला नक्की काय आवडायचं. डोंगर चढणाऱ्याला चढणंच आवडत असेल असं नाही, कदाचित चार माणसांना सांभाळून नेणं आवडत असेल, कदाचित पहाटेची शांतता. शिकवणाऱ्या माणसाला वर्ग आवडत असेल किंवा एखाद्याला अचानक समजल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते आवडत असेल. साल गेली तरी गर बऱ्याचदा शिल्लक असतो, फक्त तो वेगळ्या भांड्यात घ्यावा लागतो.

मला या बाबतीत चित्रकार आंरी मातिस फार जवळचा वाटतो. विशीच्या सुमारास तो वकिलाच्या ऑफिसात कारकून होता, अपेंडिक्सने अंथरुणाला खिळला, वेळ जावा म्हणून आईने रंग आणून दिले आणि तो चित्रकार झाला. पुढे १९४१ मध्ये पोटाच्या कॅन्सरचं मोठं ऑपरेशन झालं, त्यानंतर बराच वेळ पलंगावर नाहीतर व्हीलचेअरवर. ईझलपुढे, म्हणजे चित्राच्या स्टँडपुढे, तासन्‌तास उभं राहणं संपलं. मग त्याने कात्री घेतली. मदतनीस कागद रंगवून द्यायचे, तो आकार कापायचा, कुठे लावायचं ते बसल्या जागेवरून सांगायचा आणि ते भिंतीवर टाचण्यांनी लावायचे. १९५४ मध्ये जाईपर्यंत हेच केलं आणि त्यातली काही कामं त्याच्या सगळ्यात नावाजलेल्या कामांत मोजली जातात. आता आपण कोणी मातिस नाही, पण कात्री प्रत्येकाला शोधता येते.

माझी कात्री म्हणजे रंग. वही घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं की टाके घालण्यापेक्षा मला दोरे निवडण्यात जास्त मजा यायची, हा हिरवा त्या जांभळ्याशेजारी कसा दिसेल वगैरे. आता भाची टाके घालते आणि रंग मी ठरवते. पहिल्यांदा ती म्हणाली, "मावशी, हे दोन रंग एकत्र चांगले दिसतील असं मला कधी वाटलंच नसतं," तेव्हा कितीतरी महिन्यांनी मला मी सापडले.

कुणीतरी वाट बघेल असं एक काम

फक्त स्वतःपुरतं ठरवलेलं काम वाईट दिवशी सहज बुडतं. म्हणून आठवड्यातून एकदोनदा तरी असं काहीतरी घ्या ज्याची पलीकडे कुणीतरी वाट बघतंय, आणि ते इतकं लहान ठेवा की वाईट दिवशीही जमेल. शेजारच्या आजींची नजर अधू झालीये, मी त्यांना सकाळी आठला फोनवर पेपर वाचून दाखवते, पंधरा मिनिटं, अंथरुणातूनही जमतं. तोच गोळीचा अलार्म, मी तो बंद केलाच नाही, फक्त नाव बदललं.

मूड येईल मग करीन असं म्हणत बसू नका, मूड बऱ्याचदा कामाच्या मागून येतो. पीटर लेविनसन या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात डिप्रेशनवर जे काम केलं त्याचा पाया हाच होता, आनंद देणारी कामं सुटत जातात तसा माणूस आणखी खचतो, म्हणून आधी छोटं काम परत दिवसात आणायचं. पहिले दहाबारा दिवस मला काही वाटलं नव्हतं हेही सांगते, नुसती वाचत होते.

आणि ज्यांना हातापायांनी काही करणं शक्यच नाही त्यांच्यासाठी, व्हिक्टर फ्रँकल या मनोविकारतज्ज्ञांनी अर्थ सापडण्याच्या तीन वाटा सांगितल्या होत्या. काही घडवणं ही त्यातली एकच. दुसरी म्हणजे कुणावर प्रेम करणं, काही सुंदर अनुभवणं, आणि तिसरी म्हणजे जे टळत नाही त्याच्यासमोर आपण कसे उभे राहतो ती. पडून राहिलेला माणूस एखाद्याचं नीट ऐकून घेतो तेही काम आहे, खूप मोठं.

घरच्यांशी बोलायचं कसं

मी टॉवेलची घडी घालत होते, भावाने हातातून टॉवेल काढून घेतला, "तू बस गं, मी करतो." प्रेमानेच. पण दिवसभर असं झालं की माणूस पाहुणा होतो स्वतःच्या घरात. चिडू नका, नेमकं सांगा, "दादा, हे मला करू दे, वेळ लागेल पण होईल, लागलं तर हाक मारीन." आणि जे खरंच झेपत नाही तेही तितकंच स्पष्ट सांगा, म्हणजे त्यांचा विश्वास बसतो.

दोन ठिकाणी सांभाळून

एक, लगेच त्याच आजाराच्या दुसऱ्या पेशंटना मदत करायला धावू नका. इच्छा चांगलीच असते, पण त्यांचा वाईट रिपोर्ट आला की तुम्ही परत त्याच खुर्चीत जाऊन बसता. आधी स्वतःची झोप लागू दे, मग जा, आणि गेलात तर औषधांचे सल्ले द्यायचे नाहीत, सोबत करायची.

दुसरं म्हणजे आजाराने आपल्याला थोर बनवलंच पाहिजे हे ओझं. टेडेस्की आणि कॅल्हून या अभ्यासकांनी १९९० च्या दशकात दाखवलं की संकटानंतर काही माणसांत खरोखर वाढ होते, नाती घट्ट होतात, नव्या वाटा दिसतात, जगण्याची किंमत कळते. पण ते सगळ्यांना होतं असं त्यांनी म्हटलं नाही, आणि होतं त्यांचंही दुःख शेजारीच असतं. तुम्हाला फक्त पूर्वीसारखी नोकरी करून संध्याकाळी घरी यायचं असेल तर तेही पुरेसं आहे.

तपासणीचा आठवडा

फॉलोअपची तारीख जवळ आली की बांधलेलं सगळं हलतं, मनात येतं परत निघालं तर कशाला हे सगळं. त्या आठवड्यात नवीन काही सुरू करू नका, मोठे निर्णय घेऊ नका, रिपोर्ट घ्यायला सोबत कोण ते आधी ठरवा, आणि ते एक छोटं काम तेवढं चालू ठेवा, हवं तर वेळ बदलून. माझी पुढची तपासणी मंगळवारी सकाळी आहे, आजींना सांगून ठेवलंय की त्या दिवशी आठला नाही, सातला फोन करीन. त्या म्हणाल्या, "बरं, मी लवकर उठते."