नागपुरात दोन दिवस, गाडी नाही, तरी पक्षी बघायचेत?

फाल्गुनात पाण्याकाठी वणवण करण्यापेक्षा फुललेलं झाड गाठा. पळस किंवा काटेसावर बहरली की पक्षीच तिथे येतात, आपल्याला गाडीची गरज उरत नाही.

१. बर्डीवरून (सीताबर्डी, शहराचा मध्य) सकाळच्या पहिल्या गाड्यांपैकी लोकमान्य नगरची मेट्रो (अ‍ॅक्वा लाइन) पकडा. रूळ उंचावर आहेत, त्यामुळे झाडांचे शेंडे खिडकीच्या पातळीला येतात. लाल-केशरी झाड दिसलं की जवळचं स्टेशन लक्षात ठेवा. अंबाझरी तलावासाठी सुभाष नगरला उतरा.

२. झाडापासून वीस-पंचवीस पावलं लांब, सूर्य पाठीशी घेऊन उभे राहा. पहिली दहा मिनिटं दुर्बीण लावूच नका, नुसतं बघा. भोरड्या (पळसमैना) थव्याने येऊन कलकलाट करतात. कोतवाल एकेका फुलात चोच घालतो, तेव्हा कपाळाला पराग लागलेला दिसतो. जांभळा सूर्यपक्षी मात्र आधी ऐकू येतो, मग दिसतो.

३. ऊन चढलं की परत बर्डी. तर्री-पोहे खाऊन चालतच महाराजबाग गाठा. जुन्या मोठ्या झाडांत तांबटाची टुकटुक भर दुपारीही चालू असते.

गोरेवाड्याचा (शहराच्या कडेचं तलाव-जंगल) हट्ट या खेपेला सोडा, बिनगाडीचा तिथे वेळच जास्त जातो. भोरड्या एप्रिलमध्ये परतीला लागतात, तेव्हा बेत मार्चमध्येच आखा.

एक सांभाळा: दुर्बीण-कॅमेरा स्टेशनात बॅगेतच ठेवा. प्लॅटफॉर्मवर पक्ष्याच्या नादात पिवळी रेघ ओलांडली जाते.