लांडग्यांच्या आवारातली माझी पहिली वही

प्राणिसंग्रहालयातल्या आर्क्टिक लांडग्यांच्या आवारात कीपर, म्हणजे जनावरांची देखभाल करणारी, म्हणून रुजू झाले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी सहाही जनावरांना क्रमांक देऊन टाकले. आधी कोण खातो, शेपूट कोण पायांत घालतो, यावरून. नव्याने येणाऱ्यांच्या वहीत आजही हीच उतरंड दिसते, म्हणून हे आधी सांगते.

लढून म्होरक्या ठरतो, ही समजूत मुळात बंदिस्त लांडग्यांवरून आली. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली मांडलेली निरीक्षणं स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या प्राणिसंग्रहालयात एकत्र ठेवलेल्या लांडग्यांची होती. पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक १९८६ पासून कॅनडाच्या एल्समिअर बेटावर वर्षानुवर्षं उन्हाळ्यात जात राहिले. माणसाचा त्रास फारसा न सोसलेल्या तिथल्या पांढऱ्या लांडग्यांनी त्यांना जवळ राहू दिलं. त्यांना दिसलं ते कुटुंब: आईबाप आणि त्यांची पोरं.

मी आमच्या जन्मनोंदी काढल्या. माझे 'एक' आणि 'दोन' हे उरलेल्या चौघांचे आईबापच निघाले! 'सहा नंबर दबून असते' असं मी लिहिलं होतं, तिथे खरं तर धाकटी बापाचं तोंड चाटून खाऊ मागत होती. त्या दिवशी नवी वही घातली. तुम्हीही जन्मनोंदी आधी वाचा, क्रमांक देऊच नका.

रानातलं जगणंही वाचाच. तिथली जमीन बारमाही गोठलेली. बीळ खोदणं कठीण, त्यामुळे पिल्लं अनेकदा खडकातल्या कपारीत वाढतात. भक्ष्य म्हणजे मुख्यतः मस्क-ऑक्स (लांब केसांचे, बैलासारखे प्राणी) आणि ध्रुवीय ससे. २००९ मध्ये एल्समिअरवरच्या एका नराला जीपीएस पट्टा बांधला होता. नऊ महिन्यांत तो किमान ५,९७९ किलोमीटर चालला, त्यातले चार महिने सूर्याविना.

हा आकडा मला कुंपणाशी उभी असताना आठवतो. धाकटीने तिथे येरझाऱ्या घालून पायवाट पाडली होती, आणि तिची वेळ ठरलेली: खाणं येण्याच्या आधीचा तास. मग आम्ही खाण्याची वेळ रोज बदलू लागलो, मांस दगडांआड लपवलं, अधूनमधून कातडी-हाडांसकट आख्खं जनावर दिलं. हाडं फोडण्यात कुटुंबाचा अर्धा दिवस जाई. येरझाऱ्या कमी झाल्या, थांबल्या मात्र नाहीत. एनरिचमेंटचं, म्हणजे बंदिस्त जनावराला असं गुंतवून ठेवण्याचं, काम शिकायला जाल तेव्हा इतकीच अपेक्षा ठेवा आणि तरीही ते रोज मनापासून करा.

अजून एक. रानातला आर्क्टिक लांडगा माणसाजवळ येतो, याचा अर्थ तो माणसाळलेला असतो असा नाही. आवारात एकट्याने कधीही पाऊल टाकू नका. दात-पंजे तपासायला आवारातल्या लांडग्याला जाळीपाशी स्वतःहून यायला शिकवतात. हे शिकवणं महिनोन्‌महिने चालतं, आणि मला तरी या कामातलं हेच सगळ्यात आवडतं.

धाकटीच्या पायवाटेच्या कडेने यंदा गवत आलंय. मधला पट्टा अजून उघडाच आहे.