जादू, गुप्त मंडळ आणि प्रेम : डार्क अकॅडेमिया रोमँटसी लिहिताना या चुका टाळा

नव्या लेखकांची हस्तलिखितं वाचताना एक गोष्ट हमखास आढळते. पाऊस असतो, दगडी कमानी असतात, काळे कोट असतात, मेणबत्त्या तर पानोपानी. पण चाळीस पानं उलटली तरी नायिका एकदाही अभ्यासाला बसलेली दिसत नाही. डार्क अकॅडेमिया म्हणजे जुन्या विद्यापीठांच्या गूढ, अंधाऱ्या वातावरणातल्या कथा, आणि रोमँटसी म्हणजे प्रेमकथा आणि जादूची कल्पनारम्य कथा यांचा मेळ. या दोन्हींतून झालेला हा कथाप्रकार ज्ञानाच्या हव्यासावर उभा आहे. कुणाला तरी काहीतरी जाणून घ्यायचंय, त्यासाठी बंद दाराआड शिरायचंय, आणि दार उघडणारे बदल्यात काय मागतात यात त्यातला सगळा अंधार आहे. ही किंमत लेखकाच्या मनात पक्की नसेल, तर जादू लुटुपुटीची वाटते आणि प्रेमही. उदाहरणं ऑक्सफर्ड-केंब्रिजची घेतो, कारण या प्रकाराच्या नेपथ्यावर तिथली छाप मोठी आहे.

ग्रंथालयात मेणबत्ती पेटवणं

ऑक्सफर्डचं बॉडलियन ग्रंथालय १६०२ साली वाचकांसाठी उघडलं. तिथे नव्या वाचकाला आजही प्रतिज्ञा घ्यावी लागते, आणि आत आग किंवा ज्योत आणणार नाही, हे वचन तिच्यात असतं. म्हणजे मध्यरात्री मेणबत्तीच्या उजेडात ग्रंथ चाळणारी नायिका तिथे पहिल्याच पानावर शपथ मोडते. मोडू दे, पण मग ती मोडल्याचा परिणाम दाखवा. शपथ हेच तर जादूचं मूळ असू शकतं!

या ग्रंथालयातून पुस्तक घरी नेता येत नाही. १६४५ मध्ये खुद्द राजा पहिला चार्ल्स याने एक पुस्तक मागवलं, तर त्यालाही नकार मिळाला. बरेच लेखक हा नियम अडचण समजून गाळतात आणि नायकाच्या बॅगेत ग्रंथ टाकून मोकळे होतात. उलट प्रेमकथेला याहून चांगली सोय नाही. दोघांनाही एकच हस्तलिखित हवंय, दोघांचं एकमेकांशी पटत नाही, आणि ते बाहेर नेता येत नाही. मग एकाच टेबलाशी बसणं आलं. अशा दालनात पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. पान उघडं राहावं म्हणून त्यावर कापडी आवरणातली वजनदार दोरी ठेवतात. तो ती दोरी उचलून पान उलटायला जातो, तिची ओळ अजून अर्धी आहे, ती न बोलता दोरीवर बोट ठेवते. एवढ्या एका हालचालीत जे साधतं, ते ‘त्यांच्यात एक अदृश्य ओढ होती’ असं दहादा लिहून साधत नाही.

गुप्त मंडळाला काही कामच नसणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून इथे जरा थांबू. मुखवटे, तळघर, रक्ताची सही, इतकं सगळं जमतं, आणि मंडळ नेमकं करतं काय, याचं उत्तर कादंबरीत कुठेच नसतं. खरी मंडळं बघा. केंब्रिजचं ‘अपॉसल्स’ १८२० मध्ये सुरू झालं. शनिवारी रात्री कुणाच्या तरी खोलीत जमायचं, एकाने शेकोटीपुढच्या गालिच्यावर उभं राहून निबंध वाचायचा, मग वाद घालायचा. खायला टोस्टवर सार्डिन मासे, आणि त्यांना म्हणायचं ‘व्हेल’. ज्याला आत घेण्याचा विचार चाललाय तो ‘भ्रूण’, निवृत्त सदस्य ‘देवदूत’. त्या भ्रूणाला आपली पारख चालू आहे याचा पत्ताच नसतो. भीती बसते ती इथे. चहाला बोलावणारा मित्र खरंच मित्र आहे की परीक्षक?

आणि परिणाम? सोव्हिएत रशियासाठी हेरगिरी करणारे गाय बर्जेस आणि अँथनी ब्लंट हे दोघंही याच मंडळातले. ब्लंटचं गुपित जगापुढे यायला १९७९ साल उजाडलं. एवढा काळ माणूस काय लपवतो, कुणापासून लपवतो, घरी कसा जेवतो, हे ज्याला लिहिता येईल त्याला मुखवट्यांची गरज नाही.

मंडळाकडे पैसा कुठून येतो, हेही ठरवाच. ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजचं देखणं ग्रंथालय ख्रिस्तोफर कॉड्रिंग्टनच्या देणगीतून उभं राहिलं, आणि ती संपत्ती बार्बाडोसमधल्या, गुलामांच्या श्रमांवर चालणाऱ्या ऊसमळ्यांची होती. याच ग्रंथालयात १८९० मध्ये वाचक म्हणून प्रवेश मिळालेली पहिली स्त्री आपल्या नाशिकला जन्मलेली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेली कॉर्नेलिया सोराबजी. तिने १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, तीही खास ठराव करवून घेऊन. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदवी द्यायला सुरुवात केली १९२० मध्ये, त्यामुळे तिच्या हाती पदवी पडली ती त्यानंतरच. आत बसायची मुभा आहे पण आतली म्हणून नोंद नाही, अशा जागी तुमची नायिका उभी करा. मंडळ तिला ‘नोंद’ देऊ करेल तेव्हा नाही म्हणणं तिला किती जड जाईल, हे वाचकाला समजावून सांगावं लागणार नाही.

जादू आपोआप येणं

जन्मजात शक्ती, कपाळावर खूण, हात वर केला की वीज. मग कॉलेज कशाला हवं? इथे जादू शिकावी लागली पाहिजे, चुकली पाहिजे, तिची परीक्षा झाली पाहिजे. ऑक्सफर्डमध्ये शिकवण्या एका शिक्षकापुढे दोन-तीन विद्यार्थी अशा होतात, आणि आठवड्याचा निबंध मांडून त्यावर उलटतपासणी सोसावी लागते. तिथे मंत्राची चूक झाकता येत नाही, आणि शेजारी प्रतिस्पर्धी बसलेला असतो. सत्र आठ आठवड्यांचं, वर्षात अशी तीन. कथानक या आराखड्यावर बसवलं की ढिलेपणा निम्मा कमी होतो.

जादूची किंमत लहान आणि नेमकी असू द्या. ‘आत्म्याचा अंश’ वगैरे मोघम नको. प्रत्येक मंत्रामागे आईच्या आवाजातलं एक वाक्य विसरायला होतं, असं काही. ऑक्सफर्डमध्ये परीक्षेला विद्यार्थी कोटाला कार्नेशनचं फूल लावतात. पहिल्या पेपरला पांढरं, मधल्यांना गुलाबी, शेवटच्याला लाल. हा रिवाज हातात असताना नवी चिन्हं शोधत बसायची गरज काय?

प्रेम कथेला नुसतं चिकटवणं

एक सोपी चाचणी करा. प्रेमाचे सगळे प्रसंग काढून कादंबरी सलग वाचा. कथा तशीच पुढे जात असेल, तर ती रोमँटसी झालेली नाही. प्रेमामुळे मंडळातला एखादा निर्णय बदलला पाहिजे, आणि मंडळामुळे प्रेमातला. प्राध्यापक आणि विद्यार्थिनी अशी जोडी घेणार असाल, तर त्याच्या हातात तिचे गुण आहेत, हे एकाही पानावर विसरू नका. माझं मत विचाराल तर दोन समान तोलाचे प्रतिस्पर्धी नेहमीच जास्त रंगतात.

मराठीत आणखी एक हत्यार आहे, ते वाया घालवू नका. पहिल्याच भेटीत अरे-तुरे सुरू केलंत तर पुढे काय उरलं? दोघांना बरेच दिवस ‘तुम्ही’वर ठेवा. मग भांडणाच्या भरात तिच्या तोंडून ‘तू’ निसटू द्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘तुम्ही’.

मध्येच अडकलात तर

साधारण अर्ध्यावर कथा रुतते, कारण रहस्य लेखकालाच पुरतं ठाऊक नसतं. अशा वेळी नवं पात्र आणू नका, नवा खूनही नको. एका कागदावर लिहा : मंडळातल्या प्रत्येकाला कोणत्या प्रकरणात काय माहीत आहे. विश्वासघात करणाऱ्याच्या नावापुढची जागा कोरी राहिली, तर त्याचा विश्वासघात आयत्या वेळी चिकटवलेला आहे, मागे जाऊन त्याला निदान तीन प्रसंगांत वावरू द्या. शेवटाचंही आधीच ठरवा. डार्क अकॅडेमियाची ओढ शोकांतिकेकडे असते, रोमँटसीच्या वाचकाला मात्र दोघं शेवटी सोबत हवी असतात. दोघांना वाचवायचं असेल तर कॉलेजकडून त्यांना हवं होतं ते काढून घ्या. पदवी, जादू किंवा मंडळातलं नाव, यांतलं एक तरी जाऊ द्या, आणि ते सोडायचा निर्णय त्यांनी स्वतः, वाचकासमोर घेतला पाहिजे.