या चुका टाळा : दाढ दुखायची थांबली म्हणून घरी बसू नका

आमच्या गावचा बाजार सोमवारचा. त्या दिवशी दवाखान्याबाहेरच्या बाकावर माणसं, पिशव्या आणि मेथीच्या जुड्या अशी दाटी असते, कारण ‘आलोच आहे तर दाढ दाखवून जाऊ’ हा हिशोब. खुर्चीत बसल्यावर बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. “गेल्या हप्त्यात लई ठणकत होती डॉक्टर, आता काही नाही. नुसतं बघा.” मी आरसा घालून बघतो, तर दाढेचं निम्मं छप्पर गायब, आत काळा खड्डा आणि मुळापाशी हिरडीवर मोहरीएवढी पुळी. त्या पुळीतून पू झिरपून जातोय, म्हणून ‘आता काही नाही’.

ठणका थांबला, पुढे काय?

दाताच्या वरच्या कवचाला संवेदना नसते. कीड तिथे असते तेव्हा काहीच कळत नाही. ती आतल्या थरात उतरली की थंड पाणी, पेढा, आइस्क्रीम लागायला लागतं. नसेपर्यंत पोचली की ठणका सुरू, तोही रात्री आडवं झाल्यावर जास्त, कारण झोपल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो आणि दाताच्या कडक भिंतींत सुजलेल्या नसेला फुगायला जागा नसते. दोन-चार रात्री माणूस तळमळतो आणि एके सकाळी दुखणं गायब. लोक म्हणतात, देवच पावला. प्रत्यक्षात नस मेलेली असते. मेलेली नस दुखत नाही, सडते. मग काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, गाल सुजून डोळ्यापर्यंत येतो आणि तेव्हा पुन्हा बाजाराचा दिवस बघितला जातो.

थंड लागत होतं तेव्हा आला असतात तर सिमेंट भरून काम भागलं असतं. ठणक्याच्या वेळी आलात तर रूट कॅनाल, म्हणजे आतली नस काढून ती पोकळी साफ करून बुजवणं. त्यानंतर कधी रूट कॅनाल, कधी दात काढणं. सिमेंटपेक्षा रूट कॅनालचा खर्चही जास्त. खाजगीतला खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. रांग असते, पण काम नीट होतं.

मधल्या काळातले उद्योग

लवंगेच्या तेलाला मी नावं ठेवणार नाही. त्यातलं युजेनॉल आम्हीही औषधात वापरतो. पण कापसाच्या बोळ्यावर एक थेंब घेऊन तो खड्ड्यात ठेवायचा असतो. लोक बोळा तेलात बुडवून हिरडीवर दाबतात आणि हिरडी भाजून घेतात. त्याहून वाईट म्हणजे डोकेदुखीची गोळी गालात, दाढेशेजारी धरून ठेवणं. गोळी पोटात गेली तरच काम करते. गालात ती फक्त कातडी जाळते. अशा गालाच्या आत दुधावरच्या सायीसारखा पांढरा पापुद्रा दिसतो, बोळ्याने टिपला की सुटून येतो आणि खाली लालबुंद मांस. माणूस आला एका दाढेसाठी, जेवता येत नाही दोन कारणांनी.

तंबाखूची चिमूट, तपकीर, पेट्रोलचा बोळा हे सगळं मी पाहिलंय. सुजेवर बाहेरून गरम विटेने शेकणंही पाहिलंय. सूज शेकू नका. शेकल्याने पू बाहेरच्या कातडीकडे फुटू शकतो आणि गालावर कायमचा व्रण राहतो.

मेडिकलमधून ‘दाढेच्या गोळ्या’ मागणं ही आणखी एक नेहमीची चूक. दोन अँटिबायोटिक, दोन पेनकिलर, पुडीत. अँटिबायोटिक रक्तातून जातं आणि मेलेल्या दाढेच्या आत रक्तच पोचत नाही. आजूबाजूची सूज उतरते, उगम तसाच राहतो. दोन गोळ्यांवर थांबलं तर जंतू चिवट होतात ते वेगळंच.

एका गोष्टीसाठी मात्र सोमवारची वाट बघायची नाही. सूज जबड्याखाली, दोन्ही बाजूंना पसरली, जीभ वर उचलल्यासारखी झाली, थुंकी गिळता येईना, ताप आला, तोंड उघडेना, तर त्याच रात्री मोठं हॉस्पिटल गाठा. तिथून श्वास कोंडायला फार वेळ लागत नाही.

‘टोपी नंतर बघू’

रूट कॅनालच्या दुसऱ्या बैठकीला ठणका थांबतो आणि पेशंटही थांबतो, यायचा. वर तात्पुरतं सिमेंट असतं, ते काही आठवड्यांत झिजतं आणि आत पुन्हा घाण जाते. ज्यांनी काम पूर्ण केलं त्यातलेही निम्मे टोपी, म्हणजे कॅप, पुढच्या महिन्यावर ढकलतात. किडीने आणि आमच्या ड्रिलने पोखरलेली दाढ म्हणजे नुसत्या भिंती राहिलेलं घर. मागच्या दाढांवर चावण्याचा जोर सगळ्यात जास्त येतो. दिवाळीनंतरच्या आठवड्यात माझ्याकडे चकलीने आणि डिंकाच्या लाडवाने उभ्या चिरलेल्या दाढा येतात. चीर मुळापर्यंत गेली असेल तर दाढ काढण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि रूट कॅनालचे पैसे पाण्यात.

हिरड्यांचं रक्त आणि क्लीनिंगची भीती

घासताना रक्त आलं की लोक त्या जागी ब्रश लावायचंच बंद करतात. नेमकं उलटं करायचं असतं. रक्त येतं कारण तिथे घाण साचून हिरडी सुजलेली असते. मऊ ब्रशने हळूवार पण नीट साफ केलं, तर सुरुवातीच्या सुजेचं रक्त साधारण दोन आठवड्यांत थांबतं. नाही थांबलं तर आत किटण, म्हणजे दातावर घट्ट बसलेली घाण आहे, आणि ते ब्रशने निघत नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे हिरड्या धडधाकट वाटतात आणि आत हाड झिजत राहतं.

आता तो लाडका प्रश्न. “क्लीनिंग केलं की दात हलतात ना?” जुन्या वाड्याच्या भिंतीत उगवलेला पिंपळ आठवा. मुळ्या दगडांत शिरून भिंत खिळखिळी करतात, आणि काही वर्षांनी त्याच मुळ्यांनी भिंत धरून ठेवल्यासारखी दिसते. पिंपळ काढला की भिंत हलते, म्हणून दोष काढणाऱ्याचा? किटणाचं तसंच आहे. त्याने हाड झिजवलेलं असतं, ते निघाल्यावर दातांमधल्या फटी उघड्या पडतात आणि काही दिवस दात शिवशिवतात. हे आधीच सांगितलं नाही तर पेशंट गावभर सांगतो की डॉक्टरने दात ढिले केले. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याबद्दलही हे सांगितलं गेलंय. तेव्हापासून निघालेलं किटण मी पेशंटला तळहातावर दाखवतो.

शुगर असलेल्यांनी हिरड्यांकडे जास्त लक्ष द्यायला हवं. शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आटोक्यात यायला त्रास होतो.

“मला कसलं व्यसन नाही”

नवीन होतो तेव्हाची माझी स्वतःची चूक सांगतो. साठीच्या एक मावशी आल्या होत्या. पुढच्या खालच्या दातांची मुळं उघडी, हिरडी खाली सरकलेली, आतल्या बाजूला काळपट थर. मी विचारलं, “तंबाखू, पान, काही व्यसन?” मावशी दुखावल्याच. “नाय बाबा, आमच्या घरात कोणी हात लावत नाय.” मी कागदावर ‘नाही’ लिहिलं. पुढच्या खेपेला सहज विचारलं, दात कशाने घासता? “मिश्रीनं. सकाळी, दुपारच्याला आन् झोपताना.”

तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, डबीत भरायची. ती तंबाखूच, पण घरात कुणी तिला तंबाखू म्हणत नाही, म्हणून मीही आता ‘व्यसन’ हा शब्द वापरत नाही. दात कशाने घासता, दिवसातून किती वेळा, एवढंच विचारतो. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून देशात बंदी आहे. घरच्या तव्याला कोण बंदी घालणार? मिश्री एकदम सोडली की पोट साफ होत नाही, डोकं धरतं, हे बायका सांगतात ते खोटं नाही, निकोटिनची सवय सुटताना असं होतं. आधी दुपारची बंद करा, मग झोपतानाची, शेवटी सकाळची. मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी टोल फ्री नंबर आहे. गरोदर बाईने मात्र हप्ते पाडत बसू नये.

सुपारी आणि गुटखा खाणाऱ्या पोरांसाठी एक तपासणी. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पोरांच्या खिशात पुडी तरी सापडतेच. स्वतःची तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये घाला. जात नसतील, किंवा साधी भाजीही तिखट लागत असेल, तर गालाची कातडी आतून आवळत चालली आहे. हे दुखत नाही. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा आणि दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखमही अनेकदा दुखत नाही. म्हणूनच दाखवायची.

घासण्यातल्या चुका, थोडक्यात

कडक ब्रश आणि आडवं रगडणं यांनी दाताच्या मानेशी खाच पडते. ब्रश मऊ घ्या, हिरडीकडे तिरका धरा, दोन मिनिटं द्या. राखुंडी, कोळसा, मीठ, लिंबू-सोडा यांनी दात पांढरे झाल्यासारखे दिसतात, कारण वरचा थर खरवडला जातो. कोकम किंवा लिंबू सरबत प्यायल्यावर अर्धा तास ब्रश लावू नका. पेस्ट थुंका, पण लगेच खळाखळा चुळा भरू नका, फ्लोराइडला दातावर थोडं राहू द्या. दातात अडकलेलं मंगळसूत्रातल्या सेफ्टी पिनने कोरू नका. हे मी रोज सांगतो, आणि रोज कुणीतरी माझ्यासमोर पिन काढतं.

सहा वर्षांची दाढ

“दुधाचे दात पडणारच आहेत” हे वाक्य दुधाच्या दाढांना लागू नाही, त्या दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायला हव्यात. पण मोठा घोटाळा पुढे आहे. साधारण सहाव्या वर्षी शेवटच्या दुधाच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ताच नसतो. तिला कीड लागली की आई म्हणते, पडेल आणि नवीन येईल. ती कायमची दाढ आहे, नवीन येणार नाही. मुलाच्या सहाव्या वाढदिवसाच्या आसपास टॉर्च लावून आत बघा, आणि त्या दाढेच्या खाचा बुजवून घेता येतील का हे विचारा. पेस्ट तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी.

दात काढायला येताना आणि काढल्यावर

उपाशी येऊ नका. चतुर्थीला येऊन खुर्चीत चक्कर आलेले पेशंट मी पायाखाली उशी देऊन झोपवलेत. जेवून, शुगर-बीपीच्या नेहमीच्या गोळ्या घेऊन या. रक्त पातळ करायची गोळी सुरू असेल तर ती मनाने बंद करू नका, फक्त सांगा. वरची दाढ काढली की नजर जाते, हे खोटं. डोळ्याची नस वेगळी, दाताची वेगळी.

काढल्यावर बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरा. त्या दिवशी चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉने ओढणं नाही, विडी-तंबाखू नाही. खड्ड्यात धरलेली रक्ताची गाठ हेच तिथलं मलम. ती निघाली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारी कळ सुरू होते. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या दुसऱ्या दिवसापासून.

पडलेला दात पुडीत आणू नका

कबड्डी खेळताना किंवा सायकलवरून पडून मुलाचा पुढचा कायमचा दात मुळासकट निघाला, तर घरचे तो धुऊन, घासून, कागदात गुंडाळून आणतात. तोवर मुळावरच्या पेशी वाळून मेलेल्या असतात. दात पांढऱ्या बाजूने धरा, मुळाला बोट लावू नका. माती असेल तर पाण्याखाली क्षणभर धरा, घासू नका. जमलं तर तिथेच खाचेत परत बसवा आणि मुलाला रुमाल चावून धरायला सांगा. नाही जमलं तर थंड दुधाच्या पेल्यात टाका आणि निघा. पहिल्या अर्ध्या तासात पोचलात तर सगळ्यात चांगलं, पण तास उलटला म्हणून घरी थांबू नका. दुधाचा दात असेल तर तो परत बसवत नाहीत, त्याच्या वरच्या कायमच्या कोंबाला इजा होते. तरीही मुलाला घेऊन या, ओठात दाताचा तुकडा रुतलेला असू शकतो.