नवा लॅपटॉप, तरी ब्राउझरमध्ये पान अडखळतं? या चुका टाळा

नवा लॅपटॉप सुरू केला, ब्राउझर उघडला, बातमी वाचायला घेतली आणि पान खाली सरकवताना मजकूर झटके खात वर जातोय. पन्नास-साठ हजार मोजून घेतलेली वस्तू पहिल्याच दिवशी अशी वागली की मन खट्टू होतं. मग कुणीतरी जाणकार सांगतो, ‘हार्डवेअर ॲक्सेलरेशन बंद करून टाक, होईल नीट.’ ब्राउझरला ग्राफिक्स चिपची मदत घेऊ देणारं ते सेटिंग बंद केलं जातं. जोडीला क्रोमचे दोन-चार फ्लॅग, म्हणजे प्रयोगासाठीचे छुपे खटके, बदलले जातात, एखादं ‘पीसी क्लीनर’ही येऊन बसतं. आठवडाभराने त्रास आहे तिथेच असतो आणि मधल्या काळात काय काय बदललं ते कुणालाच सांगता येत नाही.

दोष कुठे आहे हे न पाहता उपाय सुरू करणं, ही या प्रकरणातली सर्वांत महागात पडणारी चूक. स्क्रोल अडखळायला किमान चार वेगवेगळ्या जागा आहेत: वेबसाइट, स्क्रीन, ग्राफिक्स ड्रायव्हर (विंडोजला ग्राफिक्स चिप चालवायला लावणारं सॉफ्टवेअर) आणि तुमचा माउस किंवा टचपॅड. चौघांची लक्षणं वरवर सारखी, पण एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

सगळा दोष लॅपटॉपवर ढकलू नका

आधी मराठी विकिपीडियावरचं ‘महाराष्ट्र’ हे लांबलचक पान उघडा. जाहिराती नाहीत, आपोआप सुरू होणारे व्हिडिओ नाहीत. ते पान तीन प्रकारे सरकवून पाहा. टचपॅडवर दोन बोटांनी, माउसच्या चाकाने, आणि उजवीकडची स्क्रोलची पट्टी पकडून ओढत. विंडोजवर चौथी, माझ्या मते सगळ्यांत उपयोगी युक्तीही आहे. माउसचं चाक खाली दाबून सोडा आणि पॉइंटर थोडा खाली न्या. पान एका ठरावीक वेगाने आपोआप सरकू लागतं. तुमच्या बोटांची चढउतार त्यात नसते, त्यामुळे यातही झटके दिसले तर दोष माउसच्या चाकात किंवा टचपॅडमध्ये नाही हे जवळपास नक्की.

विकिपीडिया लोण्यासारखं सरकतंय आणि तुमची नेहमीची बातम्यांची साइट मात्र अडखळतेय? मग लॅपटॉपची काही चूक नाही. अनेक साइट्स प्रत्येक स्क्रोलसोबत स्वतःचा कोड चालवतात: जाहिरात दिसली का ते मोजायचं, कोपऱ्यातला व्हिडिओ चिकटवून ठेवायचा, पुढची बातमी आधीच खेचून आणायची. ब्राउझर बनवणाऱ्यांनी यावर उपाय केले आहेत. क्रोमच्या 56व्या आवृत्तीपासून (2017) स्पर्शाने आणि 73व्या आवृत्तीपासून (2019) माउसच्या चाकाने सरकवताना, संपूर्ण पानावर लावलेल्या कोडसाठी ब्राउझर थांबून राहत नाही. पण पानाच्या आतल्या एखाद्या चौकटीला तोच कोड लावला तर ही सवलत मिळत नाही, आणि कोड मुळातच जड असेल तर तो आपला वेळ खातोच. अशा साइटसाठी वाचन मोड वापरा किंवा जाहिराती अडवणारं एक, फक्त एकच, एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) लावा. तीन-तीन लावलीत तर तीच पानावर भार होतात.

एक्स्टेन्शनचा संशय असेल तर एक-एक काढत बसू नका. क्रोम किंवा एजमध्ये गेस्ट विंडो उघडा, तिथे एकही एक्स्टेन्शन चालत नाही. फायरफॉक्सच्या मदत मेनूमध्ये ट्रबलशूट मोड आहे. तिथे सगळं सुरळीत झालं की शोध निम्मा संपला.

फोनशी तुलना करताना हर्ट्झ विसरू नका

आजकाल मध्यम किमतीच्या फोनचा पडदाही 90 किंवा 120 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तितकी चित्रं दाखवणारा, असतो. दिवसभर त्यावर बोट फिरवल्यावर 60 हर्ट्झच्या लॅपटॉपवर आलात की डोळ्यांना तुटकपणा जाणवणारच. 60 हर्ट्झवर नवं चित्र 16.7 मिलिसेकंदांनी येतं, 120 वर 8.3 मिलिसेकंदांनी. पडदाच 60चा असेल तर सेटिंग बदलून तो 120चा होणार नाही. खरेदीच्या वेळी प्रोसेसर आणि रॅम बारकाईने विचारतात तसं हर्ट्झही विचारायला हवं, ते फारसं कुणी विचारत नाही.

पण उलटही घडतं. पडदा 120 किंवा 144चा, आणि विंडोज मात्र 60वर चालवतंय. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा आणि तिथला रिफ्रेश रेट, म्हणजे हर्ट्झचा आकडा, डोळ्यांनी पाहा. काही गेमिंग लॅपटॉपमध्ये कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर चार्जर काढताक्षणी पडदा 60वर आणतं. चार्जरवर झकास आणि बॅटरीवर तुटक, असं होत असेल तर आधी तिथे बघा.

आता बाहेरच्या मॉनिटरची गोष्ट. घरून काम करणाऱ्यांना हा घोळ हमखास भेटतो. नवा 4के मॉनिटर, लॅपटॉपला एचडीएमआय नाही म्हणून घेतलेला स्वस्तातला यूएसबी-सी हब, आणि मॉनिटरवर नेलं की ब्राउझर रडतखडत चालतो. लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर तेच पान अगदी छान. कारण साधं आहे: एचडीएमआय 1.4 हे जुनं मानक 4के चित्र सेकंदाला 30 वेळाच पाठवू शकतं, आणि अनेक स्वस्त हब तेवढंच देतात. दोन चित्रांत 33 मिलिसेकंदांचं अंतर पडलं तर माउसचा बाणसुद्धा उड्या मारतो. ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये वरच्या यादीतून तो मॉनिटर निवडा. 30 हर्ट्झ दिसलं की ड्रायव्हर, ब्राउझर कशालाही हात लावू नका. ‘4के 60 हर्ट्झ’ असं खोक्यावर स्पष्ट छापलेला हब किंवा केबल घ्या. तोवर मॉनिटर 1440पी किंवा 1080पी अशा कमी रिझोल्यूशनवर ठेवलात तर 60 हर्ट्झ मिळून जाईल.

आणखी एक फरक ओळखायला शिका. सरकताना अक्षरं पुसट, ओढल्यासारखी दिसतात पण गती एकसारखी आहे, तर ते अडखळणं नव्हे. पडद्यातले पिक्सेल रंग बदलायला वेळ घेताहेत. स्वस्त एलसीडी पडद्यांत हे सर्रास दिसतं आणि ते ब्राउझरच्या किंवा विंडोजच्या सेटिंगने जात नाही.

हार्डवेअर ॲक्सेलरेशन बंद करण्याची घाई नको

हा सल्ला इतका पसरलाय की त्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं. पानाचे तुकडे रंगवणं आणि ते एकावर एक रचून पडद्यावर पाठवणं हे काम ब्राउझर ग्राफिक्स चिपकडून करून घेतो. ॲक्सेलरेशन बंद केलं की तेच काम प्रोसेसरवर येतं. साधं पान कदाचित चालून जाईल. पण व्हिडिओ लावलात की पंखा घोंघावतो, बॅटरी भराभर उतरते आणि मूळ दोष झाकला जातो. बंद केल्यावर स्क्रोल सुधारला, तर त्याचा अर्थ एवढाच की ग्राफिक्सच्या बाजूला, बहुधा ड्रायव्हरमध्ये, गडबड आहे. तपासणी म्हणून बंद करा, ब्राउझर पुन्हा सुरू करा, निकाल पाहा आणि लगेच परत चालू करा.

खरी परिस्थिती क्रोम स्वतःच सांगतो. अॅड्रेस बारमध्ये क्रोम://जीपीयू हा पत्ता इंग्रजी अक्षरांत टाइप करा. वरच्याच यादीत बहुतेक ओळींपुढे ‘हार्डवेअर ॲक्सेलरेटेड’ असं हिरव्या अक्षरांत दिसायला हवं. ‘सॉफ्टवेअर ओन्ली’ दिसत असेल तर सेटिंगचा खटका चालू असूनही ग्राफिक्स चिप कामाला लागलेली नाही. जुन्या, सदोष ड्रायव्हरांची एक काळी यादी क्रोमकडे असते आणि त्यात तुमचा ड्रायव्हर सापडला तर क्रोम काही सोयी आपणहून बंद ठेवतो. फायरफॉक्समध्ये अबाउट:सपोर्ट उघडून ‘कंपोझिटिंग’ची ओळ शोधा. तिथे नुसतं ‘वेबरेंडर’ असेल तर उत्तम. पुढे ‘सॉफ्टवेअर’ लिहिलं असेल तर दुखणं तेच.

नव्या लॅपटॉपवर असं का व्हावं? आपल्याकडे याचं एक खास कारण आहे. थोडे पैसे वाचावेत म्हणून अनेकजण विंडोजशिवायचा, ‘डॉस’वाला लॅपटॉप घेतात आणि दुकानदार किंवा ओळखीतला कुणी पेनड्राइव्हवरून विंडोज टाकून देतो. डेस्कटॉप दिसला, वाय-फाय लागलं की काम झालं असं समजलं जातं. ग्राफिक्स ड्रायव्हर राहूनच जातो. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि डिस्प्ले ॲडाप्टर्सच्या खाली बघा. तिथे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर’ लिहिलेलं असेल तर चोर सापडला. याची एक बाहेरून दिसणारी खूणही आहे: अशा लॅपटॉपवर बऱ्याचदा ब्राइटनेस कमी-जास्त होत नाही आणि एचडीएमआयला लावलेला मॉनिटर काळाच राहतो.

उपाय सरळ. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर सपोर्ट विभागात जाऊन तळाशी चिकटवलेला मॉडेल किंवा सीरियल नंबर टाका, आधी चिपसेटचा आणि मग ग्राफिक्सचा ड्रायव्हर उतरवा, लॅपटॉप रीस्टार्ट करा. विंडोज अपडेटमध्येही ॲडव्हान्स्ड ऑप्शन्सच्या आत ‘ऑप्शनल अपडेट्स’मध्ये ड्रायव्हर थांबलेले असतात. तिथे कुणी फिरकत नाही. मात्र ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ अशी जाहिरात करणारी सॉफ्टवेअरं टाळा. ती चुकीच्या मॉडेलचा ड्रायव्हर माथी मारतात, पैसे मागतात आणि काढून टाकायला गेलात तर सहजी निघत नाहीत.

बचतीची बटणं

क्रोममध्ये 108व्या आवृत्तीबरोबर (2022) एनर्जी सेव्हर आला. बॅटरी 20 टक्क्यांवर आली की तो पार्श्वभूमीतली कामं, व्हिडिओचा फ्रेमरेट आणि स्क्रोलचं ॲनिमेशन यांना कात्री लावतो. ‘चार्जर काढला की’ असा पर्याय निवडलेला असेल तर पूर्ण भरलेल्या बॅटरीवरही हाच प्रकार. एजमध्येही एनर्जी सेव्हर आहे, जुन्या आवृत्त्यांत त्याला एफिशियन्सी मोड म्हणत. त्यावर विंडोजचा पॉवर मोड ‘बेस्ट पॉवर एफिशियन्सी’वर असेल तर बचतीवर बचत होते. भारनियमनात चार-चार तास बॅटरीवर काढणाऱ्यांनी ही बचत अवश्य ठेवावी, फक्त तुटक स्क्रोल त्यामुळे आहे हे माहीत असावं. चार्जर लावून तपासल्याशिवाय कुठलाही निष्कर्ष काढू नका.

ॲक्सेसिबिलिटीमधल्या व्हिज्युअल इफेक्ट्सचंही असंच. ‘लॅपटॉप फास्ट होईल’ म्हणून तिथलं ॲनिमेशन बंद केलं, की क्रोम आणि एज चाकाच्या प्रत्येक टप्प्याला पान एकदम ढकलतात, हळुवार सरकवत नाहीत. लॅपटॉप त्याने फास्ट होत नाही. ज्यांना हलत्या चित्रांनी गरगरतं त्यांच्यासाठी ती सोय आहे आणि ती त्यांनी जरूर वापरावी.

पहिल्या दिवशीच निकाल देऊ नका

विंडोज पहिले काही तास स्वतःच्याच कामात गुंतलेलं असतं. अपडेट उतरताहेत, फाइलींची सूची बनतेय, वनड्राइव्ह जुने फोटो खाली ओढतंय, सोबत आलेलं चाचणी-मुदतीचं अँटिव्हायरस सगळं तपासतंय. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. सीपीयू किंवा डिस्क भरलेली दिसली तर चार्जर लावून लॅपटॉप रात्रभर चालू ठेवा.

रॅमबद्दल थोडं. प्रोसेसरमधलीच ग्राफिक्स चिप स्वतंत्र मेमरी बाळगत नाही, लॅपटॉपच्या रॅममधूनच वाटा घेते. 8 जीबीची एकच पट्टी बसवलेली असेल तर रॅमचा रस्ता एकपदरी राहतो आणि ग्राफिक्स चिपला माहिती हळू मिळते. दुसरी जागा रिकामी असेल तर तशीच दुसरी पट्टी घालता येते, आणि त्याचा फायदा ब्राउझरच्या पलीकडेही होतो. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचा लॅपटॉप असेल तर क्रोम एआरएमसाठीचाच, म्हणजे त्या प्रोसेसरच्या जातीसाठी बनवलेलाच, आहे ना ते पाहा. मार्च 2024पासून तसा क्रोम मिळतो. जुन्या पेनड्राइव्हवरची इन्स्टॉल फाइल वापरलीत तर इंटेलसाठीचा क्रोम भाषांतर होत होत चालतो आणि जड वाटतो.

माउस आणि डोंगल

पट्टी ओढल्यावर पान सुरळीत, पण वायरलेस माउसने झटके? डोंगल, म्हणजे माउससोबत आलेला छोटा यूएसबी रिसीव्हर, कुठे खोचलाय ते पाहा. यूएसबी 3.0 च्या पोर्टमधून आणि केबलमधून 2.4 गीगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट बाहेर पडतो, हे इंटेलने 2012मध्येच मांडलं होतं. वायरलेस माउस नेमका त्याच पट्ट्यात बोलतो. बाजूच्या पोर्टला पोर्टेबल हार्डडिस्क लावली की डोंगलचा आवाज त्यात बुडतो. डोंगल लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा, नाहीतर छोट्या एक्स्टेन्शन केबलने हातभर दूर आणा.

क्रोमच्या फ्लॅगबद्दल एकच सांगतो: ते प्रयोगासाठी ठेवलेले खटके आहेत, पुढच्या आवृत्तीत ते असतीलच असं नाही. आधी काही बदलून बसला असाल तर क्रोम://फ्लॅग्ज या पानावर वरचं ‘रीसेट ऑल’ दाबा आणि मगच इथली कुठलीही तपासणी करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, कागदावर टिपा.

एवढं करूनही विकिपीडियाचं साधं पान दोन वेगवेगळ्या ब्राउझरमध्ये, चार्जरवर, ताज्या ड्रायव्हरसह अडखळत असेल, तर मग लॅपटॉप परत करण्याची मुदत उलटू देऊ नका. फोनवर स्लो मोशनमध्ये पडद्याचा व्हिडिओ घ्या, त्यात झटके निर्विवाद दिसतात. डिव्हाइस मॅनेजर आणि क्रोम://जीपीयू या दोन्हींचे स्क्रीनशॉट जोडा, आणि ‘लॅपटॉप स्लो आहे’ असं मोघम न लिहिता कोणत्या पानावर, किती हर्ट्झवर, कोणत्या ड्रायव्हरवर अडखळतो ते तक्रारीत लिहा. नुसतं ‘स्लो’ लिहिलंत तर सर्व्हिस सेंटर विंडोज पुन्हा टाकून लॅपटॉप परत पाठवण्याचीच शक्यता जास्त, आणि तेवढ्यात बदलून मिळण्याचे दिवस निघून जातात.