अंगणातलं खुराडं बांधताना या चुका टाळा

बहुतेक खुराडी चोराला डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली असतात. तीन बाजूंना विटा, वर पत्रा, पुढे लोखंडी दार आणि त्याला भलंमोठं कुलूप. कुलपाला कोणी हात लावत नाही. कोंबड्यांचे हाल होतात ते कोंदट हवेने, ओलीने आणि खालून उकरून आत शिरणाऱ्या मुंगसाने. इंदुरात राजेंद्रनगर, सुदामानगरच्या जुन्या प्लॉटवर किंवा राऊ-महूकडे घरामागे थोडी जागा असेल आणि पाच-सहा कोंबड्या पाळायच्या असतील, तर खुराडं हवा आणि पाणी यांचा विचार करून आखा. कुलूप शेवटी लावता येतं.

सुरुवात वासापासून करू, कारण शेजारच्या काकूंची पहिली तक्रार तीच असते, आणि 2017 ते 2023 स्वच्छतेत सलग पहिला नंबर मिळवलेल्या शहरात ती रास्तही आहे. पण कोंबडीला मुळात वास येत नाही, वास येतो तो ओल्या विष्ठेला. विष्ठा ओली राहिली की अमोनिया तयार होतो. आपण उभे असतो म्हणून तो पटकन कळत नाही. सकाळी दार उघडल्या उघडल्या खाली बसा आणि कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर रात्रभर तिचेही चुरचुरत होते. सतत शिंका, डोळ्यांतून पाणी, घशात घरघर ही लक्षणं पुष्कळदा इथूनच सुरू होतात. घरघर थांबत नसेल किंवा कोंबडी मान टाकत असेल तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, पशुवैद्याला दाखवा. राणीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगाची सुरुवातही अशीच दिसू शकते.

मग लोक काय करतात? फिनेल टाकतात. त्याने काही होत नाही. खाली अंथरलेला लाकडाचा भुसा मुठीत घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर तो मोकळा झाला तर ठीक, लाडू झाला तर तो भाग काढून कोरडा भुसा घाला. आणि पाणी आलं कुठून ते शोधा. ते बहुधा तीनच ठिकाणांहून येतं: पाण्याचं भांडं, पावसाची झड, नाहीतर पत्र्याला आतून सुटणारा घाम. भांडं जमिनीवर ठेवलं की कोंबड्या त्यात पाय घालतात आणि भुसा उडवतात. ते कोंबडीच्या पाठीच्या उंचीला टांगलं की निम्मी ओल तिथेच संपते. भुसा सुरुवातीपासून तीन-चार इंच जाड घाला आणि अधूनमधून खालीवर करत राहा.

झड आणि घाम यांचं उत्तर बांधकामात आहे. माळव्यात पावसाळी वारं पश्चिम-नैऋत्येकडून येतं. उन्हाळ्यातली लू आणि दुपारचं तिरपं ऊनही पश्चिमेचंच. म्हणून खुराडं पूर्व-पश्चिम लांब ठेवा आणि पश्चिमेची आखूड भिंत पूर्ण बंद करा. एका भिंतीत तीन त्रास मिटतात. उत्तर-दक्षिण या लांब बाजूंना जाळी, आणि त्यांवर पत्रा निदान दोन फूट बाहेर काढलेला, म्हणजे पागोळ्या आत उडत नाहीत. हिवाळ्यात दक्षिणेचं कलतं ऊन आत येतं, ते बोनसच.

वळचणीखाली चार-सहा इंचांची फट दोन्ही बाजूंना, वर्षभर उघडी. यावर सगळ्यात जास्त वाद होतो. डिसेंबरात इंदूरचा पारा दहाच्या खाली गेला की घरातलं कोणीतरी खुराड्याला सगळीकडून प्लास्टिक गुंडाळतंच. असं करू नका. पिसं फुगवून बसलेल्या मोठ्या कोंबडीला ही थंडी सहज सोसते, तिच्या स्वतःच्या श्वासाची वाफ सोसत नाही. ती वाफ पत्र्याला लागून थेंबथेंब पाठीवर पडते. उत्तरेला गोणपाटाचा पडदा लावाच, पण वरून खाली सोडू नका. खाली पक्का करा आणि वर ओढा. म्हणजे झोताचा मारा अडतो आणि वरची फट मोकळी राहते. लहान पिलांची गोष्ट वेगळी, त्यांना बल्बची ऊब लागतेच.

आता जमीन. आपली काळी माती पावसात फुगते आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यावर नुसते चार खांब रोवले की वर्षाभरात चौकट तिरकी होते, दार अडकायला लागतं, आणि त्या भेगांतून घुशी रस्ता काढतात. काळी माती फूट-दीड फूट काढून मुरूम भरा, चोपा आणि त्यावर विटांचं जोतं घ्या. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा फूटभर उंच असलं की जुलैत पाणी आत शिरत नाही. फरशी सिमेंटची करणार असाल तर दाराकडे किंचित उतार द्या.

जाळीबाबत दुकानदाराचं ऐकू नका. सियागंजात ‘मुर्गी जाली’ म्हणून जी पातळ तारेची षटकोनी जाळी मिळते, ती कोंबडी आत ठेवायला पुरते, कुत्र्याला बाहेर ठेवायला पुरत नाही. रात्रीच्या खोलीला अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्डिंगने जोडलेली चौकोनी जाळी लावा, वरच्या फटीलाही. तिथूनच उंदीर आणि साप येतात. खर्च वाचवायचा तर दिवसाच्या मोकळ्या जागेत वाचवा, तिथे वरच्या भागाला साधी जाळी चालते. जाळीखालून उकरणं थांबवायला खोल खंदक खणायची गरज नाही. जाळीचा दीड फुटाचा पट्टा बाहेरच्या बाजूने जमिनीवर आडवा पसरून त्यावर माती-दगड टाका. मुंगूस भिंतीच्या कडेलाच उकरतं, जाळी लागली की सोडून देतं. आणि छपराला जाळी हवीच. झाबुआचा कडकनाथ आणला असेल तर तो फडफडत कुंपण ओलांडेल, नाहीतर शिक्रा वरून पिल्लू उचलेल. दाराला नुसता आकडा नको, बोका तो पंजाने उचलतो. कडी-कोयंडा लावा.

उन्हाळ्यात पत्रा हा शत्रू. पारा चाळिशी पार करतो तेव्हा पत्र्याखाली भट्टी होते. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते आणि पंख अंगापासून दूर धरते. हे दिसलं की लगेच सावली, वारा आणि गार पाणी. पत्र्याला बाहेरून चुना मारा, त्यावर गवत किंवा उसाचं पाचट टाका, छप्पर निदान सहा-सात फूट उंच ठेवा. ओल्या गोणपाटाची युक्ती मेच्या कोरड्या लूमध्ये उत्तम चालते. जुलैत तीच युक्ती उलटते, कारण हवेतच ओल असते. सहा कोंबड्यांना एरवी दीड-दोन लिटर पाणी पुरतं, मेमध्ये दुप्पट ठेवा.

आतली मांडणी चुकली तर अंडी घाण होतात. कोंबड्या अंड्याच्या पेटीतच झोपत असतील तर त्यांना रागावून उपयोग नाही. पेटी बसायच्या दांडीपेक्षा उंच आहे एवढंच त्याचं कारण. कोंबडी रात्री सगळ्यात उंच जागा शोधते. दांडी दोन-अडीच फुटांवर आणि पेटी त्याहून कमी उंचीवर. दांडी दोन इंच रुंद, कडा रंद्याने गोल केलेल्या, एका कोंबडीला आठ-दहा इंच. पेटी फूटभर लांब-रुंद-उंच, अंधाऱ्या कोपऱ्यात, चार कोंबड्यांत एक पुरे. पेटीला बाहेरून झाकण ठेवलं तर रोज आत वाकावं लागत नाही. अंडी फोडून खायची सवय लागली असेल तर आधी पेटीत भुसा वाढवा, अंडी दिवसातून दोनदा काढा आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा.

अंडी अचानक कमी झाली, तुरे फिकट पडले, कोंबड्या रात्री आत जायला तयार नाहीत? टॉर्च घेऊन दांडीच्या टोकांखाली पाहा. लाल बारीक किडे दिवसा लाकडाच्या फटींत लपतात आणि रात्री रक्त पितात. कोंबडीला औषध लावून भागत नाही, फटी बुजवाव्या लागतात. म्हणून दांडी खिळ्यांनी ठोकू नका, खाचेत बसवा, म्हणजे काढून उन्हात टाकता येते. आतून चुना वर्षातून दोनदा.

दार आत उघडणारं नको, भुसा साचला की ते हलत नाही. आकाराबाबत थोडक्यात: सहा कोंबड्यांना चार बाय सहा फुटांची खोली आणि साठ चौरस फूट मोकळी जागा. कोंबड्या वाढवायच्या तर आधी जागा वाढवा, नाहीतर त्या एकमेकींची पिसं उपटायला लागतात. कोंबडा अंड्यांसाठी लागत नाही. पिल्लं नको असतील तर ठेवू नका, पहाटे चारला शेजाऱ्यांशी भांडण ओढवून घेण्यात अर्थ नाही. आणि विटा आणण्याआधी नगर निगमच्या झोन कार्यालयात आणि सोसायटीत विचारून घ्या. जोतं आणि छप्पर मेअखेर पुरं झालं पाहिजे. पाऊस सुरू झाल्यावर काळ्या मातीत खोदकाम करणारा मजूर मिळत नाही.